घळीतले भारे

आंबेकोंडातून तळा गावच्या बाजाराला जायचं तर मधे वहाळ आडवा. चैत्रात त्यात कोंबडीची चोच भिजायची नाही आणि आषाढात तोच वहाळ म्हशी उचलून न्यायचा. जिथून माणसं ओलांडायची त्या जागेला उतार म्हणत. उताराच्या मधोमध एक काळा धोंडा होता, पोक काढून उभ्या राहिलेल्या बाईसारखा. त्याला सगळे म्हातारी म्हणत. म्हातारीच्या गुडघ्याला पाणी असलं तर खुशाल जावं, कमरेला असलं तर हातात हात घालून जावं, आणि हनुवटीला लागलं तर घरी परतून पेज प्यावी, असा त्या गावचा कायदा.

हा कायदा सांगायचा मान कोंडाजीच्या घराकडं होता. मान म्हणजे काय, तर त्यांचं घर उताराला चिकटून, एवढंच. पावसाळ्यात येणारा जाणारा ओट्याकडं बघून हाक मारायचा, "पाय घालू?" घरातली म्हातारी बाई धोंड्यावर नजर टाकून म्हणायची, "घाल." किंवा म्हणायची, "नको." 'नको' म्हटल्यावर पाटलानंही कधी पाय घातला नव्हता.

देशाला स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आदल्या मार्गशीर्षात मनुबाई लग्न होऊन या घरात आली. माहेर काशीदच्या बाजूला, समुद्राच्या वाऱ्यावर. बाप भातशेतीच करणारा, पण शेजार कोळ्यांचा. त्यामुळं तिला जाळ्याची गाठ मारता यायची, वल्हं धरता यायचं, आणि भरतीची वेळ ती घड्याळाशिवाय सांगायची. आंबेकोंडात यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. शेजारचा नामा, जो कुणालाच सरळ बोलायचा नाही, तो लग्नाच्या मांडवातच म्हणाला होता, "कोंडाजी, बायको दर्यावरची आनलीस. आता व्हाळात होडी घाल."

पहिल्याच पावसाळ्यात तिनं सासूचा दरारा बघितला. श्रावणात तळा गावात स्वातंत्र्याचा झेंडा लागणार होता. शाळामास्तर, पाटील आणि गावातली पंधरावीस माणसं धुतलेले कपडे घालून, टोप्या घालून उतारावर आली. म्हातारीच्या हनुवटीला पाणी लागलं होतं. मास्तर म्हणाले, "येसूबाई, आज तरी जाऊ द्या. हा दिवस पुन्हा यायचा नाही."

येसूबाई सुपात तांदूळ पाखडत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही. "मास्तर, झेंडा उद्या बी फडकंल. तुमी उद्या फडकनार काय?"

सगळे हसले आणि परतले. मास्तरांनी ओट्यासमोरच्या चिंचेखालीच पोरांकडून गाणं म्हणवून घेतलं आणि येसूबाईनं सगळ्यांना गूळ वाटला.

त्या दिवशी माणसं गेल्यावर सासूनं सुनेला ओट्यावर बसवलं. "बग गो, म्हातारीकडं बगून बोलायचं ते चढत्या पान्याचं. उतरत्या पान्याचं म्हातारीला कळत न्हाय."

"म्हंजी कसं, आत्याबाय?"

"डोंगरावर पाऊस वाजतोय, नि हितं पानी सुकतंय. असं दिसलं तर समजायचं, वर कुनीतरी पानी धरलंय. धरलेलं पानी कवातरी सुटतं. तवा म्हातारीचे पाय सुके दिसले तरी कुनाला पाय घालू द्यायचा न्हाय."

"कोन धरतंय पानी?"

"माज्या सासूच्या वक्ताला घळीत दरड आलेली. मी न्हाय बगितली. तिनं मला सांगितलं, मी तुला सांगते."

मनुबाईनं मान डोलवली. चढत्या पाण्याचं तिला रोज दिसत होतं, ते तिच्या अंगात मुरलं. उतरत्या पाण्याचं कुणीच बघितलेलं नव्हतं. ते तिनं ठेवणीतल्या भांड्यासारखं मनाच्या फळीवर उपडं घालून ठेवलं.

सासूकडून ती आणखी एक गोष्ट शिकली. गावाच्या डोक्यावर वाघजाईचा डोंगर. डोंगर काळा झाला, तिथं पाऊस कोसळायला लागला, की येसूबाई भात घिरटावर, म्हणजे भरडायच्या जात्यावर, घ्यायची. भात भरडून व्हायचं, पाखडून व्हायचं, उखळात सडून व्हायचं, तेव्हा कुठं वहाळाचं पाणी गढुळायला लागायचं. येसूबाई म्हणायची, "वरचं पानी झाडाझाडाला रामराम करीत येतंय. त्याला घाई नसते."

मग त्या पाण्याला घाई झाली.

मनुबाईच्या लग्नाला पाचसहा वर्षं झाली असतील, डोंगराच्या मालकानं जंगल तोडीला दिलं. ठेकेदार आला, त्याची माणसं आली. ऐन, किंजळ, जांभा, जे उभं होतं ते आडवं झालं. कोळशाच्या भट्ट्या पेटल्या. थंडीच्या सकाळी साऱ्या डोंगराला धुराची घोंगडी पांघरल्यासारखी दिसायची. गावातले बापये कुऱ्हाडी घेऊन कामाला गेले, कोंडाजीही गेला. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. उलट बायका खूश झाल्या, त्याचं कारण राब.

कोकणातली भातशेती राबावर चालते. रोपं टाकायच्या जागेवर झाडांचा टहाळ पसरायचा, वर पालापाचोळा, शेण, माती घालायची, आणि वैशाखाच्या आत ते भाजायचं. त्या राखेत रोप तरारून येतं. या टहाळासाठी पौष-माघात बायकांनी डोंगर चढायचा, पुरुषांनी झाडावर चढून फांद्या सवळायच्या, म्हणजे छाटायच्या, आणि भारे बांधून डोक्यावरून खाली आणायचे. मान मोडायची. आता ठेकेदाराला हवे होते नुसते बुंधे आणि जाड फांद्या. शेंडे, डहाळ्या, पाला, सगळा राब फुकट पडलेला. हवा तेवढा घ्या.

पण तो एवढा पडला की आणायचा किती आणि ठेवायचा कुठं? तोडीच्या जागेवर ठेकेदार ठेवू देईना, भट्टीची ठिणगी पडली तर आग लागेल म्हणून. खाली शेतात आणला तर गुरं तुडवायची आणि उन्हानं पाला झडून नुसत्या काड्या उरायच्या.

तेव्हा मनुबाईनंच सुचवलं, "घळीत रचा की."

वाघजाईच्या देवळाखाली वहाळ दोन कातळांच्या मधून येतो. दोन बैलगाड्या शेजारीशेजारी जातील एवढीच वाट, ती घळ. हिवाळ्यात कोरडी, दिवसभर सावली. मनुबाई म्हणाली, "सावलीत पाला झडायचा न्हाय. गुरं तितं जात न्हाईत. लागंल तसं खाली आनू. पावसाच्या आत घळ मोकळी झाली म्हंजी झालं."

नामासुद्धा म्हणाला, "दर्यावरची हाय, पन डोकं चालतंय."

कोंडाजी हसला. तो सहसा हसायचा नाही. त्या वर्षी सगळ्या कोंडानं, म्हणजे अख्ख्या वाडीनं, घळीत भारे रचले. भारे बांधायला मनुबाई पुढं. इथल्या बायका बंधाला पीळ देऊन टोक आत खोचायच्या, तो पीळ वाटेत सुटायचा. मनुबाई कोळ्यांकडची गाठ मारायची, दोनदा फिरवून उलटी ओढलेली. ती तोडावी लागे, सुटत नसे.

येसूबाई तेव्हा अंथरुणाला लागली होती. तिला कुणी हे सांगितलं नाही. त्याच साली ती गेली आणि ओट्यावरची जागा मनुबाईकडं आली. वय पुरतं पंचवीसही नव्हतं.

पावसाच्या आत घळ मोकळी व्हायची, असं ठरलं होतं. पण कुणाचं लग्न निघे, कुणाचं दुखणं. ज्याचा राब भाजून झाला त्याला उरलेले भारे उतरवायची निकड नसे. पहिल्या वर्षी दहा राहिले, दुसऱ्या वर्षी वीस. ते कुजतील, वाहून जातील, काय व्हायचं ते होवो. वरून ठेकेदाराचे गडगडत आलेले नासके ओंडके त्यात येऊन बसले. घळीकडं आता कोण बघतंय? वर झाडच नव्हतं, तर वर जायचं कशाला?

मनुबाईच्या ध्यानात एक मात्र आलं होतं. डोंगर काळा झाल्यावर आता भात भरडून होत नव्हतं. पाच माणसांच्या भाकऱ्या होतात न होतात तोवर पाणी उताराशी यायचं. दोन वर्षांनी तेही नाही, चूल नीट पेटेस्तोवर पाणी हजर. आणि पाण्याचा रंग बदलला होता. पूर्वी चहासारखं यायचं, आता चिखलाच्या काल्यासारखं, लालभडक. तिनं कोंडाजीला सांगितलं. तो म्हणाला, "लौकर येतंय तर लौकर जातंय बी. चांगलंच झालं."

तेही खरंच होतं. सकाळी हनुवटीला असलेलं पाणी दुपारी गुडघ्याला यायचं. त्यामुळं सगळे निर्धास्त झाले, आणि मनुबाईचा 'नको' लोकांना जड व्हायला लागला.

सगळ्यात जास्त तो जड झाला राहीला. राही तिची धाकटी जाऊ, अंबाजीची बायको. अंबाजी मुंबईला गिरणीत. तो गणपतीला आणि शिमग्याला यायचा. लग्नाला सात वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. राही बोलकी, हसरी, मासळीवर जीव टाकणारी. दोघींचं पटायचं ते भांडतभांडत. राही म्हणायची, "आत्याबाय मेल्या, पन जाताना अर्ध्या तुमच्यात शिरल्या बाय. तुमी तर सासूच्या वर सासू."

"मग नमस्कार कर वाकून."

"वाकते, पन उठवायला गडी आना. भात लावून कंबर ऱ्हायली न्हाय."

अठ्ठावन्न सालचा आषाढ. लावणी संपत आली होती. एका सकाळी डोंगर काळाकुट्ट झाला आणि बाजाराला निघालेल्या पंधरा माणसांना मनुबाईनं 'नको' म्हटलं. माणसं ओट्यावर, चिंचेखाली बसून राहिली. पाऊस डोंगराच्या पल्याड पडून गेला. पाणी म्हातारीच्या घोट्याच्या वर आलंच नाही. सगळ्यांचा बाजार बुडाला. नामानं तंबाखू चोळतचोळत चारचौघांत सुनावलं, "मनुबाय, पुढल्या खेपेला डोंगराला इचारून घ्या, तू हिकडं मुततोस का तिकडं."

सगळे खोखो हसले. राही सगळ्यांत मोठ्यानं हसली. मनुबाई हसली नाही. रात्रभर ते हसू तिच्या कानात राहिलं.

पुढं आठ दिवसांनी ते झालं. दोन दिवसांवर श्रावण होता. श्रावण लागला की गणपती जाईपर्यंत मासळीचं नाव काढायचं नाही. गावात ज्याच्यात्याच्या जिभेला पाणी सुटलेलं. पहाटेपासून पाऊस मरणाचा पडत होता. उजाडताना म्हातारीच्या कमरेला पाणी होतं. मग गावावरचा पाऊस थांबला. डोंगरावर मात्र तो वाजत होता. ढोलाच्या चामड्यावर मूठभर तांदूळ टाकावेत तसा आवाज एकसारखा येत होता. आणि पाणी उतरायला लागलं.

बघताबघता म्हातारीचे गुडघे दिसले, मग घोटे, मग तिच्या पायाखालचे गोटे. वहाळ मधोमध तुटला. ठिकठिकाणी डबकी राहिली आणि त्या डबक्यांत मासे तडफडायला लागले. मळे, शिंगटी, हाताएवढाल्या वामी. काठावरून कुणीतरी ओरडलं, "मासं! आरं, मासं बगा किती!" टोपल्या आल्या, पाट्या आल्या, कुणी तर भाताचं पातेलंच रिकामं करून आणलं.

पण अजून कुणी उतरलं नव्हतं. सवयीनं सगळे ओट्याकडं बघत होते. राही सगळ्यांच्या पुढं, लुगड्याचा काचा मारून, टोपली काखेत.

"बाय, पाय घालू?"

मनुबाईनं म्हातारीकडं बघितलं. म्हातारी पायापर्यंत सुकी. मनाच्या फळीवर काहीतरी खडखडलं. सासूचा आवाजही आठवला, पण शब्द नीट जुळेनात. पानी धरलंय... कुनीतरी धरलंय... तिनं डोंगराकडं बघितलं. मग राहीकडं बघितलं. राहीच्या ओठाच्या कोपऱ्यात आठ दिवसांपूर्वीचं हसू तयार होऊन बसलं होतं. मागं नामा उभा होता, तंबाखू चोळत.

"बोला की बाय. का डोंगराला इचारायला मानूस धाडतांव?" राही म्हणाली.

मनुबाई म्हणाली, "घाल."

सहासात जणी उतरल्या. हसणंखिदळणं चाललं. राही पार पलीकडच्या डबक्यापाशी पोचली. तिथं एक वाम होती, ती हातातून निसटायची आणि राही तिला शिव्या घालून पुन्हा धरायची. "बाय, ही तुमच्या म्हायेरची दिसते, हाताला लागंल तर शपत!" मनुबाईला हसू आलं. त्या दिवशी ती हसली, हे तिला पुढं कायम आठवत राहिलं.

आधी वारा आला. झाडाचं पान हलत नव्हतं आणि वहाळाच्या पात्रातूनच थंडगार वारा आला. त्याला ओल्या मातीचा, कुजलेल्या पाल्याचा वास होता. मग पायाखालची जमीन घिरट फिरावं तशी घरघरली. आणि त्याच क्षणी मनुबाईच्या डोक्यात सासूचे सगळे शब्द ओळीनं उभे राहिले, आणि त्यांच्या पाठोपाठ घळ.

"वर या! वर या गो!" ती ओट्यावरून उडी मारून धावली. जवळच्या जवळ होत्या त्या आल्या. एकीला तिनं झिंजेला धरून ओढलं. राहीनं वर बघितलं. तिला ऐकू गेलं नसावं. तिनं हात वर केला. हातात ती वाम होती.

वळणावरून जे आलं ते पाणी वाटलंच नाही. तोडलेलं जंगल उभं राहून चालत आल्यासारखं दिसलं. पुढं ओंडके, फांद्या, मुळं, त्यांच्या मागं लाल चिखलाची भिंत, दोन पुरुष उंच. म्हातारी बुडाली. पलीकडचा काठ बुडाला. सगळं मिळून विडी ओढून होईल एवढा वेळ. दुपारी ऊन पडलं आणि पाणी पुन्हा गुडघ्याला आलं, जसं काही झालंच नव्हतं.

राही तिसऱ्या दिवशी खाडीच्या खाजणात सापडली.

त्याच्या आधी, दुसऱ्या दिवशी सकाळी, मनुबाई उतारावर गेली. म्हातारीच्या मानेला पालापाचोळा, फांद्यांचा गुंता बिलगला होता. तो काढावा म्हणून तिनं हात घातला, तर त्यात एक भारा. कुजलेला, निम्मा सुटलेला, पण बंध शाबूत. दोनदा फिरवून उलटी ओढलेली गाठ. आंबेकोंडात तशी गाठ मारणारी एकच बाई होती.

तिनं तो बंध कोयत्यानं कापला आणि घरी आणून कोंडाजीपुढं ठेवला. कोंडाजीनं गाठीवरून बोट फिरवलं.

"जाळून टाक," तो म्हणाला.

"आवं, घळीत रचायचं मीच बोललेलं. नि पाय घाल बी मीच बोलले."

"जाळून टाक म्हनतो ना. अंबाजीला काय सांगशील? घर फुटंल. गेलेली येनार हाय का परत?"

ती चुलीपाशी गेली. ओला बंध पेटता पेटत नव्हता. घरभर धूर झाला. शेजारीण विचारायला आली, तर कोंडाजी म्हणाला, "डोळं पुसतीया ती धुरानं." तसंही त्या दिवशी सगळ्यांचेच डोळे लाल होते.

अंबाजी मुंबईहून आला तो माती झाल्यावर. ओट्यावर बसला, वहाळाकडं बघत. मग म्हणाला, "वयनी, तुमी व्हतांव ना हितं?"

"व्हते."

"पानी किती व्हतं?"

"पानीच नव्हतं भावजी."

"मग कुनाची चूक म्हनायची?"

मनुबाईच्या ओठावर खरं आलं होतं. कोंडाजी दारात उभा होता. ती म्हणाली, "वाघजाईची मर्जी."

अंबाजीनं उठून तिच्या पायाला हात लावला. "नामा सांगत व्हता, तुमी धावलांव म्हनून बाकीच्या वाचल्या."

त्या दिवाळीला अंबाजीनं मुंबईहून वहिनीला लुगडं धाडलं. पुढल्या दिवाळीलाही. दरसाल एक. मनुबाई ते घडी न मोडता पेटीत ठेवायची. गावानं तिला काही विचारलं नाही. उलट तिचा शब्द आता पूर्वीपेक्षा जास्त चालायला लागला. आणि ती जवळजवळ नेहमीच 'नको' म्हणायची. म्हातारीच्या घोट्याला पाणी असलं तरी 'नको'. नामाही हसत नव्हता. हसला असता तर तिला बरं वाटलं असतं.

एकसष्ट साली कोंडाजी काविळीनं गेला. धाकटा भाऊ गिरणी सोडून गावी आला आणि शेती बघायला लागला. दोन चुली होत्या, पण अंबाजी सकाळची पेज वहिनीकडंच घ्यायचा. घळीचं नाव ती काढत नव्हती. तोड केव्हाच संपली होती, पण डोंगर उघडाच राहिला होता. वरून दगडमाती, सुटी खोडं येतच होती, आणि कुणी ना कुणी अजूनही राबाचे चार भारे सावलीला म्हणून घळीत टाकतच होतं. ते रचताना दिसले की ती घरात निघून जायची. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

चौसष्ट सालच्या थंडीत उतारावर फरशीचा पूल मंजूर झाला. खाली सिमेंटचे तीन नळ, वर फरशी. ओव्हरसियर आला विश्वंभर नावाचा, बोर्ली पंचतनकडच्या नारळीपोफळीच्या वाडीवाल्यांचा मुलगा, सरळ आणि मेहनती. त्यानं गावाला उतारावर बोलावलं आणि विचारलं, "सगळ्यात मोठं पाणी कुठवर आलं होतं?"

नामा पुढं झाला. "म्हातारीच्या डोक्यावरनं दोन पुरुष. आवो सायेब, मी सोता बगितलंय. पन ते पानी आमचं न्हवं. ते वाघजाईचं."

विश्वंभर हसला. "वाघजाईचं पाणीसुद्धा नळातून जाईल. गणित करून आलंय वरून."

नळ काठावर येऊन पडले होते. एकेक नळ माणूस वाकून जाईल एवढा. मनुबाई ओट्यावरून ते चार दिवस बघत होती. तिला त्यांच्यात दोन कातळांच्या मधली घळच दिसत होती. ती उठली आणि खाली आली.

"सायेब, पान्याचं गनित केलंत. भाऱ्यांचं केलंत काय?"

"कसले भारे, बाई?"

अंबाजी तिथंच होता, पहारीवर हात टेकून. मनुबाईनं एकदा त्याच्याकडं बघितलं आणि मग बघितलं नाही.

"अठ्ठावन साली पानी वाघजाईनं न्हाय धरलं. आमी धरलं. घळीत राबाचं भारं रचलेलं, ते पावसाआधी काढलं न्हाईत. त्यात ओंडकं अडाकलं. पानी मागं तुंबलं, म्हनून हितं सुकलं. मग सुटलं. घळीत रचायची अक्कल माजी. ह्या नळांचं बी तसंच हुईल. आदी तोंड बुजंल, मग तुमची फरशी घेऊन जाईल, नि फरशीवर जो असंल त्याला बी."

"हे तुम्हाला कसं ठाऊक?"

खाली पेंढ्याचा एक बंध पडला होता. तो तिनं उचलला, दोनदा फिरवला, उलटा ओढला. "ही गाठ म्हातारीच्या गळ्यात व्हती. दुसऱ्या दिशी. माज्या हातची." गाठीकडं बघतच ती पुढं म्हणाली, "आनि सासूनं सांगितलेलं मला, उतरत्या पान्याचं. मला ठावं व्हतं. लोकं हसतील म्हनून घाल बोलले."

नामानं हातातला तंबाखू तसाच खाली टाकला.

अंबाजी म्हणाला, "सात वरसं माज्याकडनं लुगडं घेतांव, वयनी."

"नेसले न्हाय येक बी."

"त्यानं काय झालं?"

अंबाजीनं पहार तिथंच टाकली आणि तो शेताच्या बांधानं निघून गेला. दुसऱ्या दिवशी पेजेला आला नाही. तिनं सातही लुगडी त्याच्या ओट्यावर नेऊन ठेवली. संध्याकाळी ती तिच्या ओट्यावर परत आलेली होती.

विश्वंभरनं वर कागद लिहिला. महिन्यानं त्याचं उत्तर आलं. तो ते सांगायला स्वतः आला, आणि सांगताना त्याला लाज वाटत होती. "बाई, नळ आलेत तेच बसवायचे, असा हुकूम आहे. तुम्ही म्हणता ते मला पटतं. माझ्या हातात नाही." मग म्हणाला, "घळ मात्र तुमच्या हातात आहे."

वैशाखात एके सकाळी मनुबाई कोयता घेऊन एकटीच घळीत गेली. वय काही फार नव्हतं, पण चढताना ती तीनदा बसली. वर पोचली तर कोयत्याचे घाव ऐकू आले. अंबाजी होता. किती दिवस येत होता कुणास ठाऊक, निम्मी घळ मोकळी झाली होती. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही, 'जा' म्हटलं नाही, 'ये' म्हटलं नाही. ती दुसऱ्या टोकाला बसली आणि भाऱ्यांचे बंध कापायला लागली. तळातल्या काळ्या पडलेल्या राड्यात तिला जुन्या गाठी सापडत होत्या. दिवसभरात सातआठ सापडल्या. त्या तिनं एका बाजूला ठेवल्या. अंबाजी जाताना तिथून गेला, थांबला, गाठींकडं बघून पुढं गेला. दुसऱ्या दिवशी नामा आला, बायकोला घेऊन. मग एकेक करत सगळा कोंड आला. तेव्हापासून पावसाआधी घळ साफ करायची रीत पडली. ती कुणी पाडली, हे कुणी बोलत नाही.

पासष्टचा आषाढ लागला. पूल झाला होता. म्हातारी निम्मी फरशीखाली गेली होती, खांद्यापासून वर तेवढी दिसायची. पहिलं मोठं पाणी आलं त्या दिवशी बाजाराची माणसं पुलापाशी थबकली. फरशीवरून वीतभर पाणी जात होतं. आता ओट्याकडं बघायचं कारण नव्हतं, पण जुनी खोड. नामानंच हाक मारली, "मनुबाय, पाय घालू?"

मनुबाई ओट्यावर होती. ती म्हणाली, "घळीत जो जाऊन आलाय त्याला इचार. मला इचारू नको."

अंबाजी चिंचेखाली उभा होता, डोक्यावर इरलं, खांद्यावर कोयता. त्याच्या पायांना मांड्यांपर्यंत घळीतला लाल चिखल होता. पाऊस तो धुऊन काढत होता, तरी तो जात नव्हता. त्यानं ओट्याकडं बघितलं नाही. डोंगराकडं बघितलं, नळांच्या तोंडाकडं बघितलं, मग नामाला म्हणाला,

"घाल. हातात हात घालून जावा."